तावडे सिस्टरनी चार्ज दिला

तावडे सिस्टरची आठवण आली की मला आधी राग येतो. माया, आदर वगैरे नंतर. तेहतीस वर्षं नर्सिंग केलेली बाई, डॉक्टर चुकले तर त्यांच्या तोंडावर सांगणारी, पेशंटच्या नुसत्या चेहऱ्यावरून ताप ओळखणारी, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या छपराच्या बाबतीत एवढी भोळसट कशी असू शकते? हे मी त्यांना समोरासमोर विचारलं होतं. "भोळसट नाही हो, पद्धतशीर," असं उत्तर मिळालं. आता अशा माणसावर चिडायचं नाही तर काय करायचं!

मी बँकेत. बदली होऊन कोलकात्याला आले तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही बेहालात राहत होतो. आल्यावर चार महिन्यांतच माझं पित्ताशय काढायची वेळ आली. घराजवळच्याच एका लहानशा नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. भूल उतरत होती, पोटात आग पडली होती आणि आजूबाजूला सगळं बंगाली. मी "आई गं" म्हणून कण्हले, तर डोक्याशी कोणीतरी चक्क मराठीत म्हणालं, "आई इथे नाही. पायाची बोटं हलवा बघू."

एक क्षण मला वाटलं, आटोपला आपला कारभार. डोळे उघडून बघते तर बुटकी, सावळी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली एक बाई उभी. परक्या गावात आपली भाषा ऐकून मला रडूच फुटलं. नाडी मोजून होईपर्यंत त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं? आता टाके ताणतात. बास करा."

माझी खाट चार नंबरची होती. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'चार नंबर' झाले ती कायमची. फोन उचलला की "काय चार नंबर, जेवलात का?" मराठी मंडळाच्या कोजागिरीला वीस बायकांसमोर "चार नंबर, वजन वाढलंय." माझं नाव त्यांना ठाऊक होतं, केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण त्यांच्या मते नाव ही नातेवाइकांची सोय.

त्या मूळच्या देवगडच्या. नवरा इथे गोदीत नोकरीला, म्हणून लग्न होऊन आल्या. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भावाने परत बोलावलं तर म्हणाल्या, वॉर्ड सोडून कशी येऊ. माझी ओळख झाली तेव्हा त्या बेहालातल्याच एका गल्लीत, दुमजली घराच्या तळमजल्यावर, एका खोलीत राहत होत्या. लाल कोब्याची जमीन, हिरव्या खडखड्यांच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या झडपांच्या, दोन खिडक्या, एक खाट, एक शेगडी, लग्नातली लोखंडी ट्रंक. खोलीचा करार एकदाच अकरा महिन्यांचा झाला होता. पुढे हे सगळं घडलं तेव्हा तो संपल्याला तेरा वर्षं झाली होती. नवा करा, निदान एक कागद तरी हातात ठेवा, असं मी शंभर वेळा सांगितलं असेल. "माशीमांकडे कागद मागायचा? त्यांच्या नवऱ्याची लघवीची नळी मी बदलते," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

माशीमा म्हणजे घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी साडी, दम्याचा पंप कायम मुठीत. त्यांचे यजमान अर्धांगवायूने वरच्या मजल्यावर पडून असायचे. मुलगा पन्नाशीचा, डोक्याला टक्कल, आणि घरातलं लाडाचं नाव बुबाई. सगळी गल्ली त्याला बुबाईच म्हणायची. सिस्टर रोज ड्यूटीवरून आल्या की आधी वर जायच्या, म्हाताऱ्याला कुशीवर वळवायच्या, पाठीला पावडर लावायच्या आणि मग आपल्या खोलीचं कुलूप काढायच्या. हे चौदा वर्षं, फुकट. भाडंही कधी एक दिवस उशिरा गेलं नाही, तेव्हा त्या बाजूने बोलायला कोणालाच जागा नव्हती.

आता 'चार्ज'बद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. वॉर्डात एक नर्स घरी निघाली की दुसरीला चार्ज देते. पेशंट किती, कोणाला काय चाललंय, थर्मामीटर किती, कात्र्या किती, सगळं वाचून दाखवायचं, देणारीची सही, घेणारीची सही. त्याशिवाय वॉर्डाबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे ठीक. पण सिस्टर जगाकडेच वॉर्ड म्हणून बघायच्या. माझ्याकडून पोहे नेलेला डबा परत देताना, "डबा एक, झाकण एक, झाकणाला पोचा, तो आधीपासूनचा." मी दोन दिवस बँकेच्या कामाला रांचीला गेले होते तेव्हा माझी मुलगी रेवा लहान होती, तिच्याजवळ सिस्टर राहिल्या. परत आले तर टेबलावर कागद. 'नऊ वाजता मुलगी झोपली. नऊ दहाला पाहिले असता झोपली नसल्याचे आढळले. नऊ वीसला दटावले.' खाली सही. आणि मी 'घेणार' म्हणून सही केल्याशिवाय बाई चप्पल घालेनात!

मंडळाच्या गणपतीत तर कहरच केला. दुपारी मूर्तीजवळ बसायची पाळी असते, तासातासाने माणूस बदलतं. पाळी संपल्यावर सिस्टर जागच्या उठेनात. पुढच्या पाळीला आमचे खजिनदार, रिझर्व्ह माणूस, सहसा कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्यापुढे वही धरून सिस्टर वाचत होत्या. "मूर्ती एक. उंदीर एक. समई दोन, पैकी एक विझली होती, लावली. मोदक एकवीस, पैकी वीस आहेत. एकविसावा सेक्रेटरींच्या नातवाने खाल्ला, मी पाहिलं." सगळं मंडळ हसून लोळलं. सेक्रेटरी मात्र नाहीत.

दुसरी खोड म्हणजे खरं बोलणं. खरं सगळेच बोलतात हो, सोयीने. या बाईंना सोय म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आपण होऊन कधी काही सांगायच्या नाहीत, पण विचारलं की संपलं. "विचारलं तर सांगायचं. ताप लपवून उतरत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या कानाला घट्टे पडलेत.

पुढे मला बँकेची जागा मिळाली आणि आम्ही सॉल्ट लेकला गेलो. रेवा शिकायला पुण्याला गेली. सिस्टर महिन्यातून एखादा रविवार यायच्या, जेवायच्या, डबा मोजून न्यायच्या. आणि मग कोरोना आला.

त्या पहिल्या मार्चमधला तो रविवार आठवतो ना, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सन्मानासाठी सगळ्या देशाने संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या तो? सिस्टरना त्या आठवड्यात रात्रपाळी होती. पाच वाजता त्या गाढ झोपेत. गल्लीतल्या यच्चयावत गच्च्यांवर थाळ्या, वाट्या, घंटा, वर शंख. बुबाई तर मोठी परात घेऊन त्यांच्या खिडकीच्या बरोबर वर उभा. सिस्टर गाउनवर टॉवेल टाकून रस्त्यात आल्या आणि ओरडल्या, "नाइट ड्यूटीची माणसं झोपलीत! कळत नाही का?" गल्ली गप्प झाली. ज्यांच्या सन्मानासाठी हे चाललं होतं त्यांपैकी गल्लीत राहणारी ती एकमेव व्यक्ती होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाईचं तोंड फाटकं आहे, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मी फोनवर म्हटलं, "सिस्टर, अहो नमस्कार करून आत जायचं की!"

"झोप मोडली माझी. पुढे बारा तास वॉर्ड होता."

एप्रिलात त्यांच्या नर्सिंग होमचा एक मजला कोरोनाच्या पेशंटसाठी ठेवला. मी लगेच फोन केला. "कोणाला सांगू नका. विचारलं तर म्हणा, माझी ड्यूटी बाळंतिणींकडे आहे." पलीकडून उलट प्रश्न आला, "जेवलात का?" तेव्हाच मी ओळखलं की गाढवापुढे वाचली गीता. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रॉकवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेल्या क्लबच्या मंडळींनी विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे किती आहेत?" बाईंनी मास्क नीट केला आणि सांगितलं, "सहा. त्यातले दोन वाईट." आणि वर, "तुम्ही चौघं एवढे जवळ बसू नका."

इथे पाड्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा क्लब ही काय चीज असते ते बाहेरच्याला कळणार नाही. कॅरम, दुर्गापूजा, रक्तदान, भांडणं मिटवणं, लावणं, सगळं तिथेच. क्लबचे तिघं माशीमांच्या घरी गेले. म्हाताऱ्या माणसांचं घर आहे, जिना एक आहे, नळ एक आहे, विचार करा, म्हणाले. माशीमा घाबरलेल्याच होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मी चिडलेली असूनही सांगते. दम्याचं माणूस, वर अंथरुणाला खिळलेला नवरा, टीव्ही दिवसभर चालू. पण त्या नवऱ्याच्या पाठीला चौदा वर्षांत एक फोड येऊ दिला नव्हता तो कोणी? गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! आणि हे एकट्या सिस्टरचं नव्हतं. त्यांच्या मजल्यावरच्या सात जणींपैकी तिघींना घर सोडायला सांगितलं होतं. वॉर्डबॉयना कोणी विचारलं नाही, ते आपापल्या आईबापांच्या घरात होते. एकट्या बाईला खोली मिळते तीच मुळी उपकार म्हणून, मग ती काढून घेताना कोणाला काय लाज!

माशीमा दाराबाहेर सहा हात लांब उभ्या राहिल्या आणि रडत म्हणाल्या, "आमार भय कोरे, सिश्टार." मला भीती वाटते. "थोडे दिवस दुसरीकडे राहा ना. सगळं शांत झालं की या. तुमचीच खोली आहे."

योगायोगाने नर्सिंग होमनेही तेव्हाच विचारलं होतं की स्टाफपैकी कोणी पंधरा दिवस वरच राहायला तयार आहे का. सिस्टर तयार झाल्या आणि मला फोन करून सांगितलं. मी बँकेतली बाई. ताबा या शब्दाची किंमत मला कळते. मी हातातलं काम टाकून त्यांना अर्धा तास समजावलं. सामान हलवू नका. खोलीला स्वतःचं कुलूप लावा. किल्ली कनवटीला. एक किल्ली मागितली तरी द्यायची नाही, आणि कशावरही सही करायची नाही. कोणी विचारलं तर ड्यूटीला चालले, परत येते, बस. "कळलं ना?"

"कळलं."

"म्हणून दाखवा."

त्यांनी म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

दोन दिवसांनी मी विचारलं, "कुलूप लावलंत ना?"

"लावलं की. माशीमांना किल्ली दिली. व्यवस्थित चार्ज देऊन आले."

मी डोक्याला हात लावला. खरोखरच लावला, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने पाणी आणून दिलं. या बाईंनी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बसून खोलीची यादी केली होती, वॉर्डातल्यासारखी इंग्रजीत, दोन प्रतींत. पुढे मी ती पाहिली. 'खाट एक, मालकांची. पंखा एक, तीन नंबरवर आवाज करतो. खिडक्या दोन, रस्त्याकडच्या खिडकीची काच तडकलेली, पूर्वीपासून. नळ एक, गळतो. भिंतीला ओल, वाढत आहे. पाल एक.' शेवटी, 'खोली किल्लीसह सोपवली.' देणार, य. तावडे, सिस्टर. घेणार, म्हणून खाली माशीमांची थरथरती बंगाली सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! कोणी मागितलं नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं. उलट माशीमा म्हणत होत्या की राहू दे, कशाला. पण नाही. चार्ज दिल्याशिवाय बाई ड्यूटीवरून उतरणार कशा!

मी फोनवर अक्षरशः किंचाळले. "अहो, तुम्ही स्वतःच्या हाताने खोली सोडल्याचा कागद लिहून दिलात!"

"सोडल्याचा नाही. चार्जचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याने चार्ज घेतला त्याला पुढच्या ड्यूटीला परत द्यावा लागतो. नाही दिला असं माझ्या सर्व्हिसमध्ये एकदाही झालेलं नाही."

पंधराचे चाळीस दिवस झाले. मधल्या काळात त्यांच्या मजल्यावर काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं. चाळिसाव्या दिवशी तपासणीचा कागद घेऊन, अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून त्या गल्लीत गेल्या. दाराचं कोलॅप्सिबल गेट ओढून घेतलेलं. त्यावर नवं कुलूप. सिस्टरच्या खोलीत बुबाईची बायको राहत होती. तिला बारीक ताप येऊन गेला होता आणि तिला वरच्या म्हाताऱ्यापासून लांब ठेवायला घरात तीच एक वेगळी खोली होती. ट्रंक, शेगडी, गादी बाहेरच्या पडवीत ताडपत्रीखाली. सिस्टरनी गेटमधून आपली प्रत पुढे केली आणि म्हणाल्या, "चार्ज घ्यायला आले."

बुबाई वाईट वागला नाही. सिस्टरनीच सांगितलं मला हे, त्याची बाजू घेऊन! त्याने दुरून हात जोडले आणि त्यांचीच यादी त्यांना दाखवली. "दीदी तो निजेई चाबी दिये गेलेन." दीदी तर स्वतःच किल्ली देऊन गेल्या. आता आम्हाला ती लागते आहे, काय करू? माशीमा खाली आल्याच नाहीत. वरच्या खिडकीच्या खडखड्या थोड्या उघडल्या आणि मिटल्या, एवढं सिस्टरना दिसलं.

मी रजा टाकली, परवान्याची चिठ्ठी काढली आणि गाडी घेऊन बेहाला गाठलं. त्यांना बसवलं आणि थेट पोलीस ठाण्यात नेलं. वाटेत पाठ करून घेतलं. फक्त तीन वाक्यं. मला घराबाहेर काढलं. माझं सामान बाहेर फेकलं. मी हॉस्पिटलात काम करते म्हणून. तेव्हा वरून आदेशही होते की आरोग्य कर्मचाऱ्यांना घराबाहेर काढणाऱ्यांवर कारवाई करा. ठाण्याचे मुख्य, ज्यांना इथे बडोबाबू म्हणतात, भले गृहस्थ निघाले. त्यांनी सिस्टरना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "दीदी, तुम्हाला त्यांनी बाहेर काढलं का?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"जायला जबरदस्ती केली?"

"नाही. त्यांनी विनंती केली. मी रीतसर सोपवून गेले." आणि पिशवीतून यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

बडोबाबूंनी यादी पूर्ण वाचली. पालीपाशी जरा थांबले. मग सामान बाहेर फेकलं का, असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "फेकलं नाही. ताडपत्री घातली आहे. गादी कोरडी होती." बडोबाबूंनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. "मॅडम," ते मला म्हणाले, "मी मदत कशी करू ते तुम्हीच सांगा." त्यांनी बुबाईला बोलावून घेतलं, समजावतो म्हणाले, समजावलंही. बुबाईने मान डोलावली आणि काही केलं नाही.

ठाण्याबाहेर येऊन मी त्यांना वाटेल ते बोलले. हरिश्चंद्राची अवलाद म्हणाले. तुम्हाला रस्त्यावर राहायचीच हौस आहे म्हणाले. उन्हात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "चार नंबर, उद्या एखादी पोरगी माझ्याकडे चार्ज देऊन जाईल आणि मी म्हणेन, दिलाच नाही. मग वॉर्ड कसा चालायचा?" या बाईने एकदाच चुकीचा विश्वास ठेवला होता आणि तो चुकीचा होता हे मानायचीसुद्धा तयारी नव्हती. मला वाटलं, हलवावं या बाईला धरून, आणि तेही करता येईना, दोघींमध्ये सहा हात अंतर ठेवायचं होतं.

त्या खोलीत सिस्टर पुन्हा कधी राहिल्या नाहीत. हे इथेच सांगून टाकते, उगाच आशा नको. महिनाभर त्या नर्सिंग होमच्या सामानाच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांमध्ये झोपल्या. दुसरी खोली शोधत होत्या. पण तुम्हीच सांगा, पहिल्याच प्रश्नाला "कोरोना वॉर्डात" असं उत्तर देणाऱ्या एकट्या बाईला त्या दिवसांत कोण जागा देणार? अकरा ठिकाणी नकार आला. प्रत्येक ठिकाणचं मला सविस्तर कळायचं. एका बाईने तर बोलता बोलता फोनवरच सॅनिटायझर मारला, त्याचा आवाज आला म्हणे. हे सांगताना त्या हसल्या होत्या. मी हसले नाही.

कारण तेवढे सगळे दिवस माझ्या घरात रेवाची खोली रिकामी होती. ती पुण्यात अडकली होती. खाट, कपाट, पंखा, सगळं जागच्या जागी. सिस्टरनी कधी शब्द काढला नाही. मी मनात म्हणत होते, सोसायटीने मोलकरणीलासुद्धा फाटकाबाहेर ठेवलंय, यांना कसं आणायचं. नवऱ्याला मधुमेह आहे. कमिटीचे लोक कसे आहेत ते माहीत आहे ना. सगळी कारणं खरी होती. माशीमांचीही खरीच होती.

मग ती सामानाची खोलीसुद्धा लागायला लागली, तिथे ऑक्सिजनच्या टाक्या आल्या. त्या दिवशी मी थालीपीठं केली, बेहालाला गेले आणि नर्सिंग होमच्या फाटकाशी त्यांना गाठलं. हातात दोन पिशव्या, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. वॉर्डात मिनोती नावाची आया होती, सियालदहहून तासाभराच्या गावाला राहणारी. हॉस्पिटलच्या लोकांसाठी चालणाऱ्या गाडीने ती ये-जा करायची. तिच्या एका खोलीत ती, तिची आई आणि घरातून काढलेली आणखी एक नर्स आधीच होत्या. सिस्टर तिथे निघाल्या होत्या.

मी म्हटलं, "काही नको. माझ्याकडे चला. रेवाची खोली आहे. सोसायटीत सांगू, माझी मावशी, लॉकडाऊनमध्ये अडकली."

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. "आणि विचारलं, रोज कुठे जाते मावशी, तर?"

"सांगायचं, बँकेत काम असतं. किंवा काहीही. मी बोलेन ना, तुम्ही गप्प बसा फक्त."

"मला विचारलं तर?"

मी थालीपीठांच्या डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. त्या एवढंसं हसल्या. रागाने नाही, टोमणाही नव्हता. "नको हो," म्हणाल्या. "मी सांगून टाकेन आणि तुमची पंचाईत होईल. तुम्हाला तिथे राहायचंय."

सियालदहची बस आली. त्यांनी थालीपीठांचा डबा घेतला आणि चढल्या. बसमध्ये एकेका बाकावर एकेकच माणूस बसवत होते, तरी ओळखपत्र बघून पुढच्या आणि मागच्या बाकावरची माणसं उठून पार दाराशी जाऊन उभी राहिली. मी खालून खूण केली, ते कार्ड पिशवीत टाका म्हणून. त्यांनी बघितलं, नाही अशी मान हलवली आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत खिडकीशी नीट मागे टेकून बसल्या.

बस हलली. हात करायला मी हात वर केला, पण त्या समोर बघत होत्या. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. नको म्हणाल्या, बरं झालं, असं मनात स्पष्ट आलं, शब्दांत आलं, आणि मास्कच्या आत तो सुटकेचा श्वास सोडताना कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मी वळून फाटकाकडे पाहिलं.